वेळशेतच्या पालखीचे खांदेकरी

वेळशेतला शिमग्यात देवीची पालखी उचलताना खांदेकरी गावांची नावे पुकारतात. कोणी कारवार म्हणतो, कोणी मस्कत, कोणी जाफराबाद. पाहुण्यांना आपण एसटी स्टँडवर आल्यासारखे वाटते. यामागची हकिगत जुनी माणसे अशी सांगतात.

फार पूर्वी इथल्या खडकावर मस्कतचे एक गलबत फुटले. त्यातून वाचलेल्या सालेम नावाच्या खलाशाशी गावातल्या साळूने लग्न केले. गावाने वर्षभर नावे ठेवली आणि मग त्याच्याकडूनच होड्या दुरुस्त करून घ्यायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा दादू लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा साळूने नवस केला: पोर जगले तर मिसरूड फुटल्यावर पालखीला खांदा देईल. पोर जगले. यथावकाश मिसरूडही फुटले.

त्या शिमग्याला साळू दादूला घेऊन देवळापुढे आली, तर खांदेकऱ्यांबरोबर दांडा धरून उभे असलेले गावप्रमुख बाबल गावकर आडवे आले. "खांदा अस्सल गावच्या रक्तानेच द्यायचा," ते म्हणाले.

नवस चुकला तर देवी दिलेले परत नेते, ही साळूला धास्ती होती. पण तिने पदर पसरला नाही. "बरं. मग नियम सगळ्यांना," ती म्हणाली आणि पुढच्या खांदेकऱ्याकडे वळली. "रामा, तुझी आजी कुठली रे?"

"कारवारची," रामा म्हणाला आणि खांदा काढून बाजूला झाला. पण एकट्याने बाजूला होणे वेळशेतच्या माणसाला जमत नाही. "मग ह्या सख्याचा पणजा कोण? घोडे विकायला आलेला पठाणच ना?" सख्याने विठूचे काढले, विठूने आपल्या मेव्हण्याचे. साळूला पुन्हा तोंड उघडावे लागले नाही. पालखी जमिनीला टेकली आणि दांडा धरून एकटे गावकर उरले.

"बाबल," बायकांतून त्यांची म्हातारी आत्या म्हणाली, "तुझी पणजी जाफराबादच्या मचव्यातून उतरली. येताना लोणच्याची बरणी आणली होती, म्हणून तर ठेवून घेतली."

दिवेलागण होत आली होती म्हणे, आणि त्याआधी पालखी देवळात गेली नाही तर वर्ष वाईट जाते. गावकरांनी चहूकडे पाहिले. "उचला रे कोणीतरी."

"कोणी?" साळूने विचारले.

"बाहेरच्यांनी," गावकर म्हणाले आणि पुढचा दांडा दादूच्या खांद्यावर दिला.

आजही खांदा देण्याआधी आपल्या घरात कोण कुठून आले ते मोठ्याने सांगावे लागते. ज्याला असे कोणी सांगता येत नाही, त्याने देवळाबाहेर चपला सांभाळाव्यात असा नियम आहे. ती जागा अजून भरलेली नाही. चपला अधूनमधून चोरीला जातात.