उत्पलेचे विनंतीपत्र

शिरीषवती नगरीवर वसुदत्त राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. त्यांचे नाव सुतीर्थ. त्या राज्यात अशी रीत होती की राजापुढे रडायचे नाही, ओरडायचे नाही. जे मागायचे ते एका ताडपत्रावर लिहून द्यायचे. पौर्णिमेला ही पत्रे सभेत वाचली जात आणि बहुतेक आली तशी परत जात. लोक दुःख लिहीत, राजाची स्तुती लिहीत, आणि तेवढ्यात पान संपे. अमात्यांना याचे वाईट वाटे. म्हणून दुपारी ते वेशीजवळच्या बकुळीखाली बसत आणि येईल त्याला आपले म्हणणे मांडायला शिकवत.

एके दिवशी नदीपलीकडच्या कुंभारवाडीतली उत्पला तिथे आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती, आणि मूल कडेवर असले की आईचे अर्धे लक्ष त्याच्या तोंडात काय गेले याकडेच असते. तिने लिहून आणलेले पान भीतभीत पुढे केले.

अमात्यांनी ते वाचले. "राजा सूर्यासारखा आहे, चंद्रासारखा आहे, कल्पवृक्षासारखा आहे. बरं. पण तुला काय हवंय?"

"लिहिलंय की सगळं!" उत्पलेने पान हातात घेतले, दोनदा वाचले आणि ओशाळली. "अगबाई. तेच राहिलं."

"मग आता सांग."

"नावेचा धाकटा घाट उघडा हवाय. मागच्या पुरापासून तो बंद आहे. सुईण या तीरावर राहते आणि थोरल्या घाटाने आमच्याकडे यायचं तर अर्धा दिवस जातो. माझ्या नणंदेला नववा लागलाय, आचार्य. तिची मागची खेप फार अवघड गेली होती."

"घाट उघडावा, ही मागणी. सुईण वेळेवर पोचत नाही, हे कारण. आता पुरावा दे."

"सगळ्यांना माहीत आहे हो ते!"

"राजाला नाही. सगळे म्हणजे कोण, ते लिही."

उत्पला परत गेली, वाडीतल्या घराघरांत फिरली आणि पाचव्या दिवशी पुन्हा आली. घाट बंद झाल्यापासून पाच बायका अडल्या होत्या. सुईण एकीकडेच वेळेवर पोचली. त्यांतल्या कोकिळेचे बाळ गेले. उत्पलेने पाचही नावे घर आणि दिवसासकट लिहिली होती.

अमात्यांनी पाचही नावे एकेक करून वाचली. मग म्हणाले, "एक अंग राहिलं. ज्याने घाट बंद केला, त्याची बाजू लिही आणि तिला उत्तर दे."

"कोणी केला बंद?"

"मी."

उत्पलेने लेखणी खाली ठेवली. "मग नाही लिहायचं मला. तुम्ही शिकवायचं आणि मी तुमच्याच विरुद्ध लिहायचं? एवढी कृतघ्न नाही मी. आधीच माझं काही धड होत नाही, त्यात हे पाप कुठे घेऊ?"

"उत्पले, माझा मान राखून नणंदेला सुईण मिळणार आहे का?"

तिने लेखणी पुन्हा उचलली.

"पुरात त्या घाटावर नाव उलटली. तिघे बुडाले. हे तू लिहिलं नाहीस, तर राजा म्हणेल, हिला बुडालेले ठाऊक नाहीत. आणि पान परत करील. माझी बाजू नीट लिही. तिच्यात जोर आहे."

तिघे बुडाले, हे ऐकून उत्पला मुलीला घट्ट धरून बसली. तिला त्यांच्याही आया दिसल्या. आपल्या मागणीत काहीतरी कमी आहे, हे तिच्या ध्यानात आले. तिने बुडालेले तिघेही पानावर लिहिले, पहिली ओळ खोडली आणि नवी लिहिली: पावसाळ्याचे चार महिने घाट बंदच असावा, त्या दिवसांत सुईणीने आमच्या वाडीत राहावे, तिला झोपडी आम्ही देऊ, उरलेले आठ महिने घाट उघडावा.

पौर्णिमेला ते पत्र सभेत वाचले गेले. बलाहक नावाचा एक मंत्री हसला. "वा, अमात्य! स्वतःच्या आज्ञेला खोडून काढायची विद्या स्वतःच शिकवता? उद्यापासून आपल्या आज्ञा कोण मानेल?"

राजाने सुतीर्थांकडे पाहिले.

"महाराज," ते म्हणाले, "माझ्या आज्ञेत कारण होते, पुरावाही होता. पलीकडच्या तीराला काय म्हणायचे आहे, हे मी विचारले नव्हते. कोकिळेचे बाळ माझ्या आज्ञेने गेले. आज्ञा बदलावी, आणि ती माझी चूक म्हणूनच बदलावी."

राजाने पत्रात लिहिल्याप्रमाणे त्याच दिवशी घाट उघडला. नऊ दिवसांनी सुईण नावेतून वाडीत पोचली. नणंद आणि तिचा मुलगा दोघेही सुखरूप राहिले.

उत्पला पाया पडायला आली, तेव्हा अमात्यांनीच हात जोडले. "उपकार तुझे आहेत, बाई. तू लिहिलं नसतंस, तर मी स्वतःला शहाणा समजतच मेलो असतो."

एवढी आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपल्यातले सर्वांचे शांतपणे ऐकून घेणारे वृद्ध स्थविर. बलाहक म्हणजे वादात कधीच हरत नाही तो तरुण भिक्षू. तो आता खाली पाहतो आहे, त्याला पाहू द्या. मूल निजवून उशिरा येणारी, आपल्याला काही समजत नाही असे म्हणत दाराशी बसणारी उपासिका, तीच उत्पला. आणि अमात्य सुतीर्थ मी होतो. आपली चूक दुसऱ्याच्या हाताने स्पष्ट लिहवून घ्यावी आणि लिहिणाऱ्याचे ऋण मानावे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ती होय."