चाळीस मडक्यांचा झरा

बारु व्हेर्मेल्यु म्हणजे तांबडी माती. ब्राझीलच्या ईशान्येला, एका लांबलचक पठाराच्या पायथ्याशी या नावाचं छोटं गाव आहे. भोवती काटेरी, करपलेला मुलूख आणि मधेच एक झरा. तो दगडाच्या कपारीतून येतो, आणि येताना गप्प येत नाही. कुठे कुजबुजतो, कुठे बुडबुडतो, एका वळणावर तर चक्क खाकरतो. गप्प असतात ती माणसं. पाण्याला निघालेल्या बायका वाटभर मोठमोठ्याने बोलत येतात, आंब्याच्या झाडापाशी पोचल्या की तोंड मिटतात. घागरी भरून पुन्हा त्याच झाडाखाली आल्या, की अर्धवट सोडलेलं वाक्य पुढे सुरू. मी हे दोनदा पाहिलं.

आम्ही तिथे माठ घ्यायला गेलो होतो. यशोधन, म्हणजे माझा नवरा, तिकडच्या पवनचक्क्यांच्या कामावर आहे. लग्नानंतर मीही तिथे जाऊन चारच महिने झाले होते. माठ करतात दोना झुल्मीरा. दोना म्हणजे बाई, आदराने. वय ऐंशीच्या घरात, कोपरापर्यंत माती. त्या स्वतःला कारिरी म्हणवतात. कारिरी हे त्या मुलखातले मूळचे लोक. त्यांच्या बोलींची नावं तेवढी राहिली आहेत : किपेआ, झुबुकुआ, कामुरु, सापुया. जुन्या पाद्र्यांनी धर्म शिकवायला त्यांत लिहिलेली पुस्तकं आहेत, पण त्या बोली घरात बोलणारं आता कुणी नाही.

दोना झुल्मीरा गोष्ट सांगितल्याशिवाय माठ देत नाहीत. त्या पोर्तुगीजमध्ये पाच मिनिटं बोलल्या, आणि यशोधनने मला सांगितलं, "फार वर्षांपूर्वी इथे दुष्काळ होता."

"एवढंच?"

"सारांश आहे."

"मला सारांश नको."

आमची भाषा कळत नसूनही दोना झुल्मीरा हसल्या. "सगळं सांग रे पोरा तिला," त्या म्हणाल्या. "मला काही विमान गाठायचं नाहीये."

मग त्याने सगळं सांगितलं. ते असं.

त्या काळी झऱ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी होती, खालच्या अंगाला एक. दोन्ही कारिरींच्याच, पण बोली निराळ्या. समुद्रापलीकडच्या राजाचं राज्य आलं, पाद्र्यांनी डोक्यावर पाणी घालून सगळ्यांना नवी नावं दिली, पण घरात ज्याची त्याची बोली चालू होती. आणि भांडणही. वरच्या वाडीचं म्हणणं, खालचे लोक तोंडात कंद धरून बोलतात. खालच्या वाडीचं म्हणणं, वरचे बोलत नाहीत, शिंकतात. सोयरिकी मात्र एकमेकांतच होत, त्यामुळे हे भांडण घराघरांत नांदायला गेलेलं होतं.

खालच्या वाडीत इनासिया नावाची कुंभारीण होती. माहेर वरच्या वाडीचं. तिच्या हातच्या मडक्यातलं पाणी, असं सांगतात, भर उन्हातही दात शिवशिववी. तिच्या मुलाने बायको आणली ती दूरच्या कोरड्या मुलखातली, तिसऱ्याच लोकांतली. तिचं नाव किटेरिया. तिला इथली एकही बोली येत नव्हती. शिकवायला सगळेच तयार होते, पण आधी कोणती शिकवायची यावरून सासूचं आणि सासऱ्याचं एकमत होईना. ते होईपर्यंत किटेरिया गप्प राहिली. घरात सगळ्यांत आधी उठे, सगळ्यांच्या मागून निजे, आणि डोळ्यांनी जे समजेल ते करी.

अशात एक वर्ष पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षीही आला नाही. झऱ्याची धार बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी.

त्याच वर्षी मुखत्यार आला. राजाचा कागद घेऊन आलेला हा माणूस, गावांवर देखरेख करणारा. त्याने दोन्ही वाड्या झऱ्यापाशी उभ्या केल्या आणि कागद वाचला. पुढच्या पौर्णिमेपासून सगळ्यांनी राजाची भाषा बोलायची. ज्या घरात जुना शब्द सापडेल, ते घर झऱ्यापासून उठवून काट्यांच्या मुलखात पाठवलं जाईल. पौर्णिमेला मी स्वतः येऊन एकेकाचं तोंड तपासेन, असं तो म्हणाला.

काट्यांच्या मुलखात जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. तिथून परत कुणी येत नसे.

आयांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. पण पोरांच्या तोंडावर हात किती वेळ राहणार? ठेच लागली की तोंडातून जे येतं ते आपल्याच भाषेत येतं, असं दोना झुल्मीरा म्हणाल्या. (यशोधनने मला हे सांगताना मान डोलावली. त्याने आदल्याच आठवड्यात कामावर बोट चेमटवून घेतलं होतं.)

तेव्हा इनासिया पुढे झाली. म्हणाली, "शब्द तोंडात राहिले तर सापडतील. फेकले तर जातील. धान्य कसं ठेवतो? मडक्यात. तसेच हे ठेवू. मडक्यात गेला की शब्द तोंडात उरत नाही. वरून मेणाने तोंड बंद करू, जमिनीत पुरू. राजे काय, येतात नि जातात."

तिने आव्यातून नुकतीच भाजून निघालेली चाळीस मडकी अंगणात मांडली. वीस तांबड्या गळ्याची, वरच्या वाडीसाठी. वीस पांढऱ्या गळ्याची, खालच्या वाडीसाठी. शब्द एकत्र ठेवायला कुणीच तयार नव्हतं. त्यांचा वास आमच्यांना लागेल म्हणे.

मग एकेक जण आला, मडक्यात वाकला आणि आपल्याजवळचं बोलून गेला. शिकाऱ्यांनी जनावरांची नावं सांगितली. बायकांनी कंदांची, पाल्यांची, दुखण्यांची. सुईणीने पोर आडवं आलं असता म्हणायचं ते सांगितलं. एका म्हाताऱ्याला सगळी गाणी येत होती, त्याला तीन मडकी लागली. पोरांना शिव्या ठेवायला एक मडकं दिलं होतं. ते सगळ्यांत आधी भरलं.

प्रत्येकाने शेवटी आपलं जुनं नावही आत टाकलं. म्हणून तर इनासियाचं आणि किटेरियाच्या नवऱ्याचं खरं नाव आज कुणाला ठाऊक नाही.

आता मेण हवं होतं. चाळीस मडक्यांना पुरेल एवढं मेण पठारावर, मधमाश्यांच्या ढोलींत. इनासियाने सांगितलं, उद्या सगळ्यांनी मिळून वर जाऊ. तोवर मडक्यांची तोंडं उघडीच राहू देत. ताजे शब्द कोंडले तर घामेजतात, नासतात. कुणी हात लावू नका, कुणी झाकू नका, जवळ पाणी आणू नका. एवढं सांगण्यापुरते शब्द तिने मागे ठेवले होते. तिने हे वरच्या वाडीच्या बोलीत सांगितलं. खालच्या वाडीच्या बोलीत सांगितलं, आणि तेही शब्द मडक्यात टाकले. सगळ्यांनी माना हलवल्या.

किटेरियाला सांगायचं राहिलं. तिला काही कळत नाही, असं धरून चालायची सवयच झाली होती.

पहाटे दोन्ही वाड्या पठारावर गेल्या. मागे राहिली किटेरिया. दिवस उजाडला आणि तिला दिसलं, सासूच्या अंगणात चाळीस मडकी, तोंडं उघडी आणि रिकामी.

ती ज्या मुलखातून आली होती, तिथे घरात एक मडकं रिकामं दिसलं तरी सुनेच्या माहेराचा उद्धार होई. इथे चाळीस होती. आणि सासू एक शब्द न बोलता निघून गेली होती. किटेरियाने पदर खोचावा तसं कमरेचं वस्त्र खोचलं आणि घागर उचलली.

धार सुतळीएवढी. घागर भरायला इतका वेळ लागे, की ती खाली ठेवून किटेरिया कपारीतलं पाणी भोपळ्याच्या वाटीने खरवडून काढी. दुपार झाली, तिची सावली पायाखाली आली, पुन्हा लांब झाली. कुंडातला शेवटचा चिखल तेवढा तिने सोडला. सूर्य कलला तेव्हा चाळीसच्या चाळीस मडकी काठोकाठ भरली होती. ती उंबऱ्याशी बसली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं, आज आपल्याला कुणी काही म्हणणार नाही.

मेण घेऊन लोक परतले.

अंगणात पाऊल टाकताच सगळ्यांना भरलेली मडकी दिसली. सुईणीने पुढे होऊन आपल्या मडक्यात हात बुडवला. गाण्यांवाला म्हातारा आपल्या तीन मडक्यांपाशी गेला, आत डोकावला, आणि त्याला फक्त स्वतःचं तोंड दिसलं. सगळे शब्द बुडाले होते. उद्या पौर्णिमा. पुन्हा आठवून भरायला वेळ नव्हता, आणि शब्द एकदा मडक्यात गेला की तोंडात परत येत नाही, ते तर इनासियानेच सांगितलं होतं.

इनासिया ओरडली. काय ओरडली ते कुणालाच कळलं नाही, कारण ओरडायलाही शब्द उरले नव्हते. नुसता आवाज.

किटेरियाला तो आवाज समजला. चेहरे समजले. कारण मात्र तिने आपल्या परीने लावलं. तिला वाटलं, मी झरा कोरडा केला. दुष्काळात अख्ख्या गावाचं पाणी मी एका घरात आणून ठेवलं.

ती उठली. पहिलं मडकं डोक्यावर घेतलं आणि झऱ्याकडे चालू लागली. पाणी परत द्यायला.

इनासिया मागे धावली. सगळं गाव मागे धावलं. पण किटेरियाने कपारीत मडकं उपडं केलंच.

आणि पाणी बोललं.

हरणांची नावं बोलत ते दगडांतून उतरलं. एकेक, स्पष्ट. शिकारी जागच्या जागी उभे राहिले. किटेरियाला ते कळण्याचं कारणच नव्हतं. ती खाली मान घालून परत गेली आणि दुसरं मडकं घेऊन आली. कंद, पाले, दुखणी. तिसरं तांबड्या गळ्याचं, चौथं पांढऱ्या गळ्याचं. तिने काही वेगळं ठेवलं नाही. वरची बोली खालच्या बोलीत मिसळत कुंडात पडू लागली, आणि त्या वेळी कुणालाच कुणाचा वास लागला नाही.

पाचवं मडकं पोरांचं होतं. ते तिने एका वळणावर ओतलं, आणि तिथून झऱ्याने गावातल्या सगळ्यांत घाणेरड्या शिव्या एका दमात खणखणीत दिल्या. आधी एक पोर फिसकन हसलं. मग दुसरं. मग सुईण हसली, म्हातारा हसला, आणि महिनाभर दाबून धरलेलं सगळं हसू दोन्ही वाड्यांना एकदम आलं. किटेरिया दचकली. मग सगळे हसताहेत म्हणून तीही हसली.

उरलेली मडकी तिला कुणी उचलू दिली नाहीत. ज्याने त्याने आपापली वाहून नेली. शेवटचं इनासियाने नेलं, आणि ते रितं झालं तेव्हा कुंड भरून पाणी बाहेर पडत होतं. तेव्हापासून तो झरा आटलेला नाही, म्हणे.

दुसऱ्या दिवशी मुखत्यार आला. त्याने पोरांना चिमटे काढले, म्हाताऱ्यांना कोड्यात टाकलं, बायकांना एकदम हाका मारल्या. एकाही तोंडात एकही जुना शब्द सापडला नाही. खूश होऊन तो झऱ्यावर गेला, ओंजळभर पाणी प्यायला. म्हणाला, "पाणी गोड आहे. बडबड फार करतं." दोन्ही वाड्यांनी हसू दाबायला माना खाली घातल्या होत्या, त्याला वाटलं, आदराने. पाण्याला काट्यांच्या मुलखात पाठवायचं कलम त्याच्या कागदात नव्हतं. तो गेला.

मग राजाची भाषा शिकणं आलं. सगळेच अडखळत, सगळेच हळू आवाजात, चूक होईल म्हणून शब्द तोंडात दोनदा फिरवून मग बाहेर काढणार. दोना झुल्मीरा म्हणाल्या, त्या दिवसापासून सगळं गाव सून झालं. आणि किटेरियाला पहिल्यांदाच सोबत मिळाली. इनासिया तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबरच 'पाणी' म्हणायला शिकली. सासूला उशिरा जमलं, असं सांगतात.

इनासियाने तिला एक माठ करून दिला आणि गावाला सांगितलं, की हा माठ फुटेपर्यंत हिच्या कुठल्याही चुकीला कुणी चूक म्हणायचं नाही. किटेरियाने तो फार जपून वापरला.

"पण पाणी आता काय बोलतं, ते समजतं कुणाला?" मी विचारलं.

यशोधनने विचारलं. दोना झुल्मीरांनी मान हलवली. "नाही लेकी. मलाही नाही. पण माझी आजी खालच्या वाडीची. ती सांगायची, झरा बोलतो ती आमचीच बोली." मग आवाज उतरवून, "वरचे मात्र म्हणतात, त्यांची." इतक्या वर्षांत तेवढं भांडण शिल्लक ठेवलंय त्यांनी.

मग त्यांनी मला विचारलं, लग्नाला किती दिवस झाले. चार महिने, म्हटल्यावर कोपऱ्यातून पांढऱ्या गळ्याचा एक माठ काढला आणि माझ्या हातात दिला.

आजही बारु व्हेर्मेल्युत आंब्याच्या झाडापुढे कुणी बोलत नाही. आजही जी सगळ्यांत नवी सून, तिने पहिल्यांदा पाणी भरायचं आणि तो पहिला माठ परत कपारीत ओतायचा, बाकीच्यांनी थांबायचं. त्या दिवशी ती मीच निघाले. मी भरला, ओतला. मला काही कळलं नाही, पण पाणी कुणाला तरी सांगितल्यासारखं उतरत गेलं. पुढच्या वळणावर ते खाकरलं, तेव्हा काठावरची पोरं तोंडावर हात ठेवून हसली. त्यांना तिथे काय आहे ते बरोब्बर माहीत होतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना फोन लावला. त्यांनी तीस वर्षं वापरून माझ्याबरोबर दिलेला बिडाचा तवा मी पहिल्याच आठवड्यात साबणाने घासून, भिजत ठेवून, गंजवला होता, हे साडेतीन महिने लपवलेलं सांगून टाकलं. आधी गोष्ट सांगितली, मग तवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "माठ कुठे ठेवलायस?"

"ओट्यावर."

"खाली ठेव," त्या म्हणाल्या. "धक्का लागेल."