कोंडिबाच्या चार गाठी

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव कोंडिबा. अंगानं पैलवान, मनानं वासरू. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो उपरण्याला गाठ मारायचा. गाठ पक्की बसायची, अक्कल तेवढी बाहेर राहायची.

कोंडिबाचं लग्न अडलं होतं. बायजामावशी पोर द्यायला तयार होती, पण तिची एकच अट होती. "दसऱ्यापर्यंत नोकरी टिकव. मग पोर तुझी." कोंडिबाची नोकरी आजवर कुठल्याच सणापर्यंत टिकली नव्हती.

सध्या तो गणाजी पाटलांकडे होता. गावच्या देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर चोरांचा डोळा होता, म्हणून पाटलांनी पिस्तुलाचा परवाना काढला, त्यावर राखणदार म्हणून कोंडिबाचं नाव चढवलं आणि त्याला घेऊन ते तालुक्याला हसनभाईंच्या बंदुकीच्या दुकानात गेले.

"मोठं घ्यावं का लहान?" पाटलांनी विचारलं.

हसनभाई म्हणाले, "पाटील, सगळं एकात मिळत नाही. मोठ्या गोळीत जोर, पण हाताला धक्का मोठा आणि मावतात कमी. लहान गोळीत जोर कमी, पण धक्का कमी, नेम चुकत नाही आणि मावतात जास्त. रिव्हॉल्व्हर सहसा अडकत नाही, पण सहाच गोळ्या. पिस्तुलात जास्त, पण कधीमधी अडकतं. बावीस बोअर हलकं, बत्तीस त्याहून जोरदार. हातात धरून बघा, झेपेल ते न्या."

पाटलांनी हातात धरून बघितलं आणि बत्तीसचं पिस्तूल घेतलं. हसनभाईंच्या बोलण्यातलं तेवढंच धरून कोंडिबानं पहिली गाठ मारली. लहान बरं, नेम चुकत नाही.

दुसऱ्याच दिवशी पाटलांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. पाटील ओरडले, "कोंडिबा, पाणी आण लवकर."

कोंडिबा स्वयंपाकघरात गेला. हंडा भरलेला होता, घागर भरलेली होती. त्यानं फुलपात्र उचललं. भरून आणायचा, एक डोळा मिटून नेम धरायचा आणि ओतायचा. एकदाही नेम चुकला नाही. गंज जळून राख झाली.

"आरं, हंडा काय नुसता बघायला ठेवलाय?"

"हंड्याचा धक्का मोठा, मालक. फुलपात्राचा नेम चुकत न्हाई."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "जिथं जोर लागतो तिथं मोठंच काढावं, शहाण्या."

कोंडिबानं दुसरी गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात पाटलांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा काही केल्या निघेना. "लई जोरात बसलाय," पाटील कण्हत म्हणाले. "जरा काढायला काहीतरी आण."

जोर म्हटल्यावर कोंडिबा गोठ्यात गेला आणि पहार घेऊन आला.

पहार पाहून पाटील पळाले. आधी लंगडत पळाले, मग चांगले पळाले, कारण वाटेत काटा आपोआप निघाला. देवळाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "आपल्या मनानं कारभार करू नको. हसनभाई काय म्हणाले होते? आधी समोरच्याच्या हातात द्यावं, झेपतं का विचारावं."

कोंडिबानं तिसरी गाठ मारली.

दसरा आला. बायजामावशीनं पेढे आणून ठेवले. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पाटलांनी पिस्तूल रिकामं करून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दसऱ्याला सगळं गाव सोनं लुटायला शिवेवर निघालं. देवळात राखणीला कोंडिबा एकटा राहिला. पाटलांनी पूजेतलं पिस्तूल आणि गोळ्यांची डबी त्याच्या स्वाधीन केली.

"गोळ्यांशिवाय पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड," ते म्हणाले. "दोघांची ताटातूट होऊ देऊ नको."

कोंडिबानं चौथी गाठ मारली.

गाव लांब गेल्यावर चोर आला. त्यानं मुखवटा काखेत मारला आणि मागं वळून बघतो तर दारात हा पैलवान, हातात पिस्तूल.

कोंडिबानं गाठी चाचपल्या. पहिली, दुसरी, तिसरी. मग त्यानं पिस्तूल चोराच्या हातात दिलं.

"बत्तीसचं हाय," तो अदबीनं म्हणाला. "धरून बघा. झेपतंय का?"

चोराला चांगलंच झेपलं. मुखवटा आणि पिस्तूल घेऊन तो शिवेच्या वाटेनं सुसाट सुटला.

कोंडिबाचा हात चौथ्या गाठीवर गेला. डबी आपल्याच हातात राहिली होती. "थांबा, थांबा," ओरडत तो चोराच्या मागे धावला. समोरून गाव आपट्याची पानं घेऊन परतत होतं. पुढून गाव, मागून पैलवान. चोर मधल्यामधे सापडला. लोकांनी त्याला लिंबाच्या झाडाला बांधलं. मुखवटा मिळाला, पिस्तूल मिळालं.

लोकांनी कोंडिबाला खांद्यावर घेतलं. पाटलांनी स्वतःचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. "नोकरी पक्की," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. बायजामावशीनं पुडा उघडला आणि पेढा जावयाच्या तोंडापर्यंत नेला.

"मावशी, जरा थांबा," कोंडिबा म्हणाला. "काम अर्धं राहिलंय."

तो खांद्यावरून उतरला, लिंबाखाली गेला, आणि गोळ्यांची डबी त्यानं बांधलेल्या चोराच्या खिशात नीट सरकवली.

"घाईत विसरून गेला की, पावणं. हाका मारून घसा बसला माझा. बत्तीसच्याच हायेत, बसतील."

मावशीनं पेढा परत पुड्यात ठेवला.