भाजलेला राग

फार फार वर्षांपूर्वी, राजासुद्धा मडक्यातलंच पाणी पीत असे त्या काळी, एका नदीकाठी कुंभारांची वस्ती होती. त्या वस्तीतल्या बायकांची एक रीत होती. दिवसाचं काम संपलं, की हाताशी उरलेली मूठभर माती त्या टाकून देत नसत. दिवसभरात मनाला जे काही लागलं असेल, ते त्या मातीत घडवत. कुणी नवऱ्याचं वाकडं तोंड करी, कुणी शेजारणीची लांब जीभ. घटकाभर त्याच्याकडे बघत बसत. हसू आलं तर हसत, रडू आलं तर रडत, आणि मग ते माती भिजवायच्या पाण्याच्या खड्ड्यात सोडून देत. सकाळपर्यंत त्याचा चिखल होई. त्यातच राख आणि लीद कालवून बायका तो पायांनी तुडवत आणि नवी मडकी घडवायला घेत.

याला त्या 'मातीत घालणं' म्हणत. संध्याकाळी पाण्याला जाताना एकमेकींना विचारत, "घातलंस का गं मातीत?" तुम्ही-आम्ही एखादी गोष्ट मातीत घालतो म्हणजे तिचं वाटोळं करतो. या बायका मातीत घालून संसार सावरत. पुरुष मात्र हे करत नसत. त्यांना ओरडायची मुभा होती.

या वस्तीत एक म्हातारी कुंभारीण आणि तिची सून राहत होत्या. म्हातारीचा एकुलता एक मुलगा तापाने गेला, तेव्हा सुनेचे भाऊ तिला माहेरी न्यायला आले होते. सून त्यांना म्हणाली, "आत्यास्नी एकटं टाकून म्या येत न्हाई." आणि ती राहिली. पुढे वर्षभर म्हातारी रोज संध्याकाळी मुलाचे दोन पाय घडवी आणि पाण्यात सोडी. एके दिवशी तिने पायांऐवजी एक चिमणी घडवली. सुनेने ती पाहिली आणि आत जाऊन पोटभर रडली, कारण सासू आता जगणार हे तिला कळलं होतं.

दोघींची भांडणंही होत. एका चुलीवर दोन बायका म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच. पण भांडण संध्याकाळी मातीत जाई, आणि सकाळी दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून तोच चिखल तुडवत.

एकदा सुनेकडून गाढव नीट बांधायचं राहिलं. ते सुटलं आणि अंगणात वाळत घातलेल्या अकरा ओल्या रांजणांवरून हुंदडून गेलं. आठ दिवसांची मेहनत गेली. म्हातारी तोंडाला येईल ते बोलली, सूनही गप्प बसली नाही. शेवटी सून पाय आपटत लाकडं आणायला निघून गेली. त्या संध्याकाळी म्हातारीने एक खेकडा घडवला. नांग्या उगारलेला, वाकडा चालणारा, आणि त्याला तोंड हुबेहूब सुनेचं, नाकावरच्या तिळासकट.

नेमका तेव्हाच शिकारीहून परतणारा राजा पाणी प्यायला तिच्या दारात थांबला. खेकडा बघून तो पोट धरून हसला.

"हे कुणी केलं?"

"म्याच केलं, म्हाराज. राग आला व्हता. आता मातीत घालायचं."

"इतकी कला मातीत घालायची? अगं बाई, माझ्या दरबारातल्या मूर्तिकारांना जन्मात असं जमलं नाही. हे भाज आणि मला दे."

"ह्ये भाजायचं नसतं, म्हाराज. एका दिसाचा राग हाय ह्यो. सकाळला ऱ्हायचा न्हाई."

"म्हणूनच तर भाज म्हणतो," राजा म्हणाला. "यापुढे रोज जे करशील ते माझं. माझा माणूस येऊन घेऊन जाईल. आजपासून तू राजकुंभारीण."

आता याचं खापर राजावर फोडायचं, तर फोडा बापडे. पण म्हातारी नाही म्हणू शकली असती. राजा काही तलवार उपसून उभा नव्हता, हसत उभा होता. खरं सांगायचं तर म्हातारीला ते गोड लागलं. साठ वर्षं तिने मडकी घडवली होती. गिऱ्हाईक यायचं, बोटाने टकटक वाजवून बघायचं, फुटकं नाही एवढी खात्री करायचं आणि निघून जायचं. 'वा' असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं. कौतुक कुणाला नको असतं? मला हवं असतं, तुम्हालाही हवं असतं. म्हातारीने खेकडा वाळवला, आव्यात मडक्यांच्या मधोमध ठेवला आणि भाजून काढला.

सुनेला तिने राजाच्या मर्जीचं तेवढं सांगितलं, खेकड्याचं सांगितलं नाही. इथेच तिला कळायला हवं होतं, पण माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढच्या संध्याकाळी तिने मुलाचे पाय घडवले, कारण त्याच्या जाण्याची तिथी होती. भाजून झाल्यावर राजाच्या माणसाने ते नेले आणि तिसऱ्या दिवशी निरोप आणला, "महाराज म्हणतात, हे काही तितकं जमलं नाही. खेकड्यासारखं चटकदार काही पाठवा."

म्हातारीला वाईट वाटलं. पण पोराच्या पायांना नावं ठेवली याचं वाईट तिला वाटलं नाही, आपलं नाव गेलं याचं वाटलं. असं व्हायला फार दिवस लागत नाहीत.

मग ती सुनेकडे बघत बसू लागली. सून झोपली की तोंड उघडं ठेवते, हे तिच्या ध्यानात आलं. झाली एक म्हैस. सून खाताना पुन्हा वाढून घेते, हे दिसलं. झाली एक मांजर. सगळं ती सुनेच्या नजरेआड वाळवी आणि भाजी. पूर्वी राग आला की ती घडवी. आता घडवायचं म्हणून ती राग शोधू लागली. आणि शोधलं की तो सापडतोच. ज्या दिवशी सापडत नसे त्या दिवशी ती सुनेला मुद्दाम खोचून बोले, म्हणजे सून काहीतरी उलट बोलेल आणि संध्याकाळची सोय होईल. सून बिचारी तिचे पाय चेपताना विचारी, "आत्या, हल्ली तुमचं मन लागत न्हाई का?" म्हातारी म्हणे, "लागतंय की." पण खड्ड्यात तिच्या हातचं कित्येक दिवसांत काही पडलं नव्हतं. सगळं आत साठत होतं किंवा राजवाड्यात जात होतं.

दिवाळीच्या आधी सून पणत्या विकायला राजधानीत गेली. राजवाड्याच्या चौकात गर्दी लोटली होती म्हणून तीही डोकावली. फळीवर चाळीस बाहुल्या ओळीने मांडल्या होत्या. खेकडा, म्हैस, मांजर, कावळी, फुगलेली बेडकी. राजाचा माणूस एकेक दाखवून ती कोणत्या दिवशी घडवली ते सांगत होता. सगळ्यांचं तोंड एकच, सगळ्यांच्या नाकावर तीळ. एका बाईने तिच्याकडे निरखून बघितलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. मग पोरं मागे लागली, "खेकडीण आली, खेकडीण आली." ती पणत्यांची पाटी तिथेच टाकून चालू लागली.

घरी आली तेव्हा म्हातारी चाकापाशी बसली होती.

"आत्या, गाढव सुटलं त्या दिशी म्या तुमाला खेकडा दिसले?"

म्हातारीचे हात थांबले. "पोरी, तो एका सांजंचा राग व्हता गं. सकाळला राहिला नसता."

"पर राहिला ना."

"म्या तुझं वाईट कदी चिंतलं न्हाई."

"ठावं हाय मला," सून म्हणाली. "खेकडा केला त्याचं काय न्हाई. म्याबी तुमाला किती येळा घुबड करून पाण्यात सोडलंय. पर म्हशीच्या दिशी आपलं भांडण झालं नव्हतं, आत्या. त्या दिशी म्या तुमच्यासाठी खीर केली व्हती."

सुनेने लुगडी गाठोड्यात बांधली आणि ती माहेरची वाट चालू लागली.

म्हातारी राजाकडे धावली आणि बाहुल्या परत मागितल्या. राजाने लगेच देऊन टाकल्या. त्याला आता शिट्टी वाजवणारी मैना मिळाली होती आणि फळी तिच्या पिंजऱ्यासाठी हवीच होती. म्हातारीने बाहुल्या गाढवावर लादून आणल्या, खड्ड्यात टाकल्या आणि वर घागरी ओतल्या. आठ दिवस वाट बघितली. कुंभाराच्या घरात जन्म गेलेल्या बाईला माहीत नव्हतं असं नाही, की एकदा भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. तरी तिने वाट बघितली. मग त्या फोडून चिखलात तुडवायला गेली, तर खापऱ्यांनी तिचेच तळवे कापले.

लंगडत लंगडत ती सुनेच्या माहेरी पोचली. सुनेने तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला, तळव्यांना हळद लावली. कुठे काही कमी केलं नाही.

"राग गेला का गं तुझा?" म्हातारीने विचारलं.

"राग न्हाई," सून म्हणाली. "म्या समदा मातीत घातला. घ्या, पाणी घ्या, बाई."

'आत्या' म्हणायची ती आता 'बाई' म्हणाली. म्हातारी पाणी प्यायली, तिने तांब्या खाली ठेवला आणि ती परत फिरली. पुढे ती सहा वर्षं जगली. संध्याकाळी मूठभर माती हातात घेई, पण आधी इकडेतिकडे बघे, कोण बघतंय का, आणि मग बोटं तशीच थांबत. एकटीच्या पायांनी चिखल नीट तुडवला जाईना. त्या वर्षांतली तिची मडकी आव्यातच तडकत.

लहानांनो, मोठ्यांनो, तुम्हीही कधी मन मोकळं करायला वहीत चार ओळी लिहीत असाल, चित्रं काढत असाल, गुणगुणत असाल. जरूर करा, त्याने माणूस जगतो. एवढंच ध्यानात ठेवा :

मन हलकं करायला जे घडवलं ते मनाबरोबर विरू द्यावं. वाहवा मिळावी म्हणून ते भाजलं, तर ते आपल्याच माणसाला कापतं.