राखणदाराची टोपली

फार पूर्वीची गोष्ट बरं का. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. दिवेलागणीला वेशीचा दरवाजा लावून त्याला लाकडी अडसर घालायचा, हे काम एका राखणदाराचं. पण तो तापातून उठला तेव्हा दंडांच्या पार काटक्या झालेल्या. अडसर जागचा हलेना. तेवढ्यापुरते शेजारी मदतीला यायचे.

त्यातच बिबट्या गावाभोवती फिरू लागला. पाटील म्हणाले, "पोळ्यापर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसरा माणूस नेमतो."

राखणदार धावला तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादाकडे.

"टोपलीत दगड घालून उचल. झेपले की एक वाढव. पण एक दिवस उचललंस की दुसऱ्या दिवशी विसावा, आणि पोटभर जेव. दंड विसाव्यातच भरतो, बाबा."

राखणदाराला हे पटेना. एक दिवस बसलो आणि कमावलेलं गेलं तर?

त्याचं उचलून झालं की बायको टोपली कोठारात नेऊन ठेवी, एक दिवस सोडून परत आणून देई. हा मात्र विसाव्याच्या दिवशी लपून गोठ्यामागचं दगडी उखळ उचलायचा. जेवण जाईना, झोप लागेना. हात ठणकायचे, तरी ईर्षेनं टोपलीत दगड वाढवतच होता.

एकदा बायको म्हणाली, "अहो, चोळीच्या बाह्या रुततायत. धुऊन आटल्या वाटतं."

"तुला बाह्यांचं पडलंय! इथं माझा जीव टांगणीला लागलाय."

पोळा आला. संध्याकाळी जो तो आपल्या घरी पुरणपोळीवर बसलेला. वेशीपाशी ही दोघंच. इतक्यात ओढ्याकडून कुत्री केकाटत आत पळाली. राखणदारानं दरवाजा लोटला, अडसराला हात घातला. कमरेपर्यंत उचलला, पण पेलेना. अडसर धाडकन खाली पडला. बाहेर गुरगुर ऐकू आली.

"सरका हो!"

बायकोनं पदर खोचला, अडसर मांडीवर घेतला, मग छातीशी, आणि खोबणीत सरकवला. बाहेरून फळीवर नखं ओरखडली. मग सगळं शांत झालं.

राखणदार तिच्या दंडांकडे बघतच राहिला. "हे कधी झालं गं?"

"मला काय ठाऊक! मी आपली टोपली आत-बाहेर करत होते. आणि तुम्ही काळजीनं ताटात टाकायचात, ते वाया कशाला म्हणून संपवत होते."

दुसऱ्या दिवशी राखणदार पोटभर जेवला आणि ढाराढूर झोपला. पुढच्या पोळ्याला अडसर त्यानंच घातला. तोवर राखणदारी बायकोकडे होती.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: ओझं थोडं थोडं वाढवावं, वेळेवर जेवावं आणि अंगाला विसावा द्यावा. काळजी कितीही उचलली, तरी तिनं दंड भरत नाही.