पानं साठच मांडलीत

सांगलीत खानावळ चालवणाऱ्या शैलजाताई लेकीच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेल्या. सोबत आलेल्या मृणालला त्यावर गेम खेळायचे होते, पण महागडं कार्ड घेतलं तर तिची कॉलेजची सहल हुकणार होती.

दुकानदार दिवेकर गालात हसले. "ताई, हे आमटीला फोडणी देण्याइतकं सोपं नाही. स्वस्त कार्ड सेकंदाला शंभर चित्रं काढतं, महागडं एकशेचाळीस. कळतोय ना फरक?"

ताईंनी लेकीला विचारलं, "आपला स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवतो गं?"

"साठ."

"मग दिवेकर, पंगतीत पानंच साठ मांडलीत. स्वयंपाक शंभर जणांचा केला काय नि एकशेचाळीस जणांचा केला काय, जेवून उठणार साठच."

दिवेकरांनी महागड्या कार्डाचा खोका परत फळीवर ठेवला आणि स्वस्त कार्डाचा खाली काढला.