चाकं जमिनीला लागल्यावर

"मग महाराज, उद्या मिळणार ना मला भगवी वस्त्रं?"

रेवणगिरी महाराजांनी ऐकलं, पण ते जीपखाली वाकून बघत राहिले.

"महाराज... उद्या?"

"आधी जीपचं सांग."

भालचंद्र खट्टू झाला. दिवाळी झाल्या झाल्या तो मठात आला होता, संगमनेरचं टायरचं दुकान बायकोच्या भावाच्या हवाली करून, संसारावर पाणी सोडून. इथं त्यानं झाडलोट केली, गोठा सावरला, थंडीत नदीवर अंघोळी केल्या. निश्चय पक्का होता गड्याचा. आणि तो किती पक्का आहे, हे भेटेल त्याला सांगायचा.

"जीपचं झालं, महाराज. सगळं झालं."

मठाची जीप जुनी. महाराज स्वतःच ती वरच्या वस्तीवर नेत, औषधं पोचवायला, नाहीतर तिथलं आजारी माणूस खाली आणायला. पण वाटेतल्या धोंड्यांना तिचं पोट घासायचं. म्हणून ती उंच करायचं ठरलं. गॅरेज कशाला हवं? भालचंद्रला डोंगरात जीपगाड्या पळवायचा नाद होता, आपली गाडी त्यानं घरच्या अंगणातच उंच केली होती. इथंही त्यानं मठाच्या अंगणात जीप लोखंडी टेकूंवर चढवली, दबून गेलेले स्प्रिंगचे जुने पाटे काढले आणि नवे, जास्त बाकाचे बसवले. चारही चाकं अजून हवेत लोंबकळत होती.

"बोल्ट?" महाराजांनी विचारलं.

"असे आवळलेत, की जन्मात सुटायचे नाहीत."

"चाकं अशी हवेत असताना?"

"मग काय! काम सोपं जातं. खाली हात फिरवायला ऐसपैस जागा मिळते."

महाराज "हं" म्हणाले आणि त्यांनी ओट्याकडे पाहिलं.

ओट्यावर कुमुद बसली होती. भालचंद्रची बायको. महाराजांनीच तिला बोलावून घेतलं होतं, कारण बायकोनं होकार दिल्याशिवाय या मठात कुणा संसारी माणसाला दीक्षा मिळत नसे. ती सकाळच्या एसटीनं आली, मांडीवर पिशवी घेऊन बसली, ती बसलीच.

"ती आलीय," महाराज म्हणाले.

"ठाऊक आहे. पण मी डगमगलो नाही. मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

"बघितलंच नाहीस?"

"नाही!"

"अरे वा..."

महाराज हसले. ते हसणं काही सरळ नव्हतं, आणि भालचंद्रला ते चांगलंच झोंबलं.

"पाना घे," महाराज म्हणाले. "पाट्यांच्या टोकांचे बोल्ट ढिले कर."

"ढिले? अहो महाराज, सकाळपासून राबून..."

"ढिले कर."

अंगाचा तिळपापड झाला, पण करतो काय? गुरूंचा शब्द. त्यानं एकेक बोल्ट सैल केला. मग महाराजांच्या सांगण्यावरून टेकू काढले, आणि जीप हळूहळू आपल्या चाकांवर उतरली.

"टोकांना रबर असतं," महाराज म्हणाले. "गाडी लोंबकळत असताना आवळलंस, तर ते तसंच पकडून बसतं. नंतर भार आला की पिळवटतं. चार दिवसांत फाटतं."

हे भालचंद्रला कुणी सांगितलं नव्हतं. घरची गाडी सारखी का कुरकुरायची, तेही आत्ता कळलं.

"आता नेहमीचा भार चढव, मगच आवळायचं. ती दोन पोती टाक मागे. आणि माणूस बसव."

"कोण माणूस?"

"ओट्यावर बसलाय की!"

कुमुद उठून आली. जीप आता चांगलीच उंच झालेली. तिनं दांडी धरली, पाय उचलला, पण साडीत तो काही पोचेना. पुन्हा उचलला. महाराज आभाळाकडे बघत उभे.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "जरा हात देता का?"

त्यानं हात दिला. आता बघावंच लागलं. चेहरा ओढलेला होता. पण त्याला धक्का बसला तो तिच्या हातानं. तळव्याला घट्टे पडले होते, आणि बोटांच्या भेगांत काळं बसलं होतं. टायरचं काळं. साबणानं न जाणारं. ते त्याच्याइतकं कोण ओळखणार?

"दुकान... तुझा भाऊ बघतो ना?"

"दादा कधीच परत गेला गावी. मीच बघते." ती वर चढून बसली.

भालचंद्र जीपखाली सरकला. पाना बोल्टवर लावला.

वरून तिचा आवाज आला. "अहो, एक विचारायचं होतं. चाकाचा नट गंजला, काही केल्या सुटेना, की तुम्ही काय करायचात?"

पाना बोल्टवरच थांबला.

"डिझेल सोडायचं त्यावर... आणि थांबायचं. जोर नाही करायचा."

"बरं. मी आपली नुसती लोंबकळते पान्याला."

मग ती महाराजांना म्हणाली, "माझी काही हरकत नाही, महाराज. द्या त्यांना उद्या वस्त्रं. कधीपासून त्यांच्या मनात आहे."

जीपखालून पान्याचा आवाज येईना.

"आवळलास का रे?" महाराजांनी विचारलं.

"नाही..."

"का?"

"हात चालत नाही, महाराज." भालचंद्रला रडू आवरेना. "वाटलं होतं, मी पक्का आहे. पण माझा निश्चय ढिला पडला... सगळाच ढिला पडला."

महाराज उकिडवे बसले. खाली वाकून त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आत्ता कुठं वजन आलंय," ते म्हणाले. "आता सावकाश आवळ."